जुन्या गाडीत नवं संगीत : आधी करंटचा हिशोब

घरात जुनी फिएट किंवा अँबॅसेडर उभी असते. मुलांना तिच्यात मोबाइलवरची गाणी ऐकायची असतात. मग कुणीतरी विचारतं, कर्नल साहेब, कुठला सेट बसवू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आज काहीच बसवू नका. बॉनेट उघडा.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही. आमची गाडी म्हणजे बाबांची 1969 ची फिएट 1100 डिलाइट. 1986 साली मी कॅप्टन होतो, सुटीवर इंदूरला आलो होतो, खिशात पगार होता. बाबांना न विचारता एका दुकानात कॅसेट प्लेअर बसवून घेतला. दुकानदाराने दोन्ही पुढच्या दारांची पॅनेलं गोल कापली आणि बॅटरीपासून एक वायर सरळ गालिच्याखालून प्लेअरपर्यंत नेली. मध्ये फ्यूज नाही. मी सिग्नल्सचा अधिकारी, तारांमध्ये जन्म घालवणारा, आणि मी बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी महूहून परतताना गालिच्यातून धूर. मागे आई बसलेली. तिला खाली उतरवलं आणि हातानेच बॅटरीची वायर उपटली. तळहाताला फोड आले, गाडी वाचली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढे कधी तो प्लेअर लावला नाही.

म्हणून पहिली गोष्ट फ्यूजची. बहुतेकांना वाटतं फ्यूज यंत्र वाचवायला असतो. तो वायर वाचवायला असतो. बॅटरीत शेकडो अँपिअर सोडायची ताकद असते. वायरचं रबर घासून तांबं बॉडीला लागलं, की ती सगळी ताकद त्या वायरमधून जाते आणि वायर हीटरच्या कॉइलसारखी तापते. फ्यूज प्लेअरजवळ असेल तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर हवा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवा. गाडीच्या मूळ वायरिंगमधून फाटा काढू नका. पन्नास वर्षांचं इन्सुलेशन हाताने वाकवलं तरी तडकतं.

आता करंट. जुन्या गाडीत अल्टरनेटर नसतो, डायनॅमो असतो. त्या काळी सर्रास दिसणारा लुकासचा सी-40 घ्या. तो फार तर 22 अँपिअर देतो, तेही इंजिन वेगात असताना. रात्र आहे, पाऊस आहे असं धरा. पंचेचाळीस वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर खातात, मागचे आणि मीटरचे दिवे दोन, इग्निशन कॉइल साडेतीन, वायपर तीन. झाले सोळा. तुमच्या संगीताला उरले सहा. आणि सिग्नलला गाडी थांबली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणू लागला, की डायनॅमो काहीच देत नाही. गाणं बॅटरीच्या जिवावर चाललेलं असतं.

खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. वेगळा अँप्लिफायर नसलेला सेट चार ओहमच्या स्पीकरला खरे वीसेक वॅट देतो. मात्र तेवढ्याने फिएटची केबिन व्यवस्थित भरते. मी क्लास-डी जातीचा छोटा अँप्लिफायर वापरतो, कारण तो करंट कमी वाया घालवतो आणि तापत नाही. साध्या आवाजात दोन-तीन अँपिअरमध्ये भागतं. डिकी हादरवणारा सबवूफर हवाच असेल तर अल्टरनेटर बसवावा लागेल. बसवा, पण काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नका, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

अँबॅसेडरवाल्यांसाठी एक इशारा. तिचं मूळ मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आहे, आणि त्या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आजचा सेट बॉडी निगेटिव्ह आहे असं धरून बनवतात. उलटं जोडलंत तर पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत सेट जातो. शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज करू नका, आपली बघा.

सगळं नीट जोडूनही स्पीकरमधून शिट्टी येईल. ॲक्सिलरेटर दाबला की चढेल, सोडला की उतरेल. ती डायनॅमोची. आम्ही जीपमध्ये वायरलेस बसवताना आधी हाच गोंगाट दाबायचो. डायनॅमोच्या मोठ्या, म्हणजे आउटपुटच्या टर्मिनलवर सप्रेसर कपॅसिटर लावा. छोट्या, फील्डच्या टर्मिनलवर मुळीच नाही, चार्जिंग बिघडेल. टकटक असा आवाज असेल तर तो प्लगचा. रेझिस्टन्स असलेल्या प्लग कॅप घाला. आणि अँप्लिफायरची अर्थ वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर घट्ट बसवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

राहिला कापाकापीचा प्रश्न. कापू नका. पत्र्याचा डॅशबोर्ड एकदा कापला की पूर्वीसारखा होत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात जपलेली असावी लागते. पुढे कधी नोंदवावीशी वाटली तर पत्रा शाबूत असलेला बरा. आमच्या गाडीत बाबांचा मीडियम वेव्ह रेडिओ, ज्याचं लायसन्स ते दर वर्षी भरत, जागेवर आहे. ब्लूटूथचा अँप्लिफायर पुढच्या सलग सीटखाली आहे. मागच्या काचेखालच्या फळीच्या मापाची प्लायवुडची दुसरी फळी करून तिच्यात स्पीकर बसवले. चार स्क्रू काढले की गाडी 1969 ची. दारांची भोकं तेवढी राहिली. एका वृद्ध टपवाल्याने रेक्झिन जुळवून ती झाकली, पण शिवण दिसते.

शेवटचं काम, बॅटरीला कट-ऑफ स्विच. बंद सेटही थोडा करंट पीत राहतो, आणि आपल्या गाड्या महिनामहिना उभ्या असतात.

बोर्डच्या डायलचा दिवा मी नव्या स्विचला जोडून घेतलाय. परवा आईला फिरवून आणलं. दिवा लागला, गाणं सुरू झालं. ती मागून म्हणाली, ‘यांचा रेडिओ दुरुस्त केलास वाटतं.’ मी हो म्हणालो.