चंदेरी शीटचा महिमा

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागच्या सीट काढायच्या आणि तिचं फिरतं घर करायचं, हा नाद आता आपल्याकडेही चांगलाच पसरलाय. पलंग कुठे, ओटा कुठे, हे सगळं आधी कागदावर ठरतं. पत्र्याला आतून काय लावायचं, हे मात्र गॅरेजमध्ये उभ्याउभ्या ठरतं. तिथलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "सगळीकडे डॅम्पिंग शीट मारू साहेब. आवाज बंद, गाडी थंड!" यातलं पहिलं अर्धसत्य आहे आणि दुसरं साफ खोटं.

डॅम्पिंग शीट म्हणजे ब्युटिल रबराचा काळा चिकट थर आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल. पत्र्याची थरथर मारणं एवढंच तिचं काम. छताच्या उघड्या पत्र्यावर टिचकी मारून बघा, 'टण्ण' वाजेल. तिथेच वीतभर तुकडा रोलरने नीट दाबून बसवा आणि पुन्हा मारा; आता नुसतं 'ठक'. कोकणातल्या पावसात रात्रभर छत ताशासारखं वाजायचं कमी होतं ते यामुळेच. पण त्यासाठी सगळी गाडी मढवायची गरज नसते. दोन फासळ्यांमधल्या सपाट पत्र्याचा पाव ते अर्धा भाग झाकला, तरी बहुतेक फायदा पदरात पडतो. 2 मिलिमीटर जाडीच्या शीटचं वजन चौरस मीटरला साधारण 3 किलो भरतं. 30 चौरस मीटर मढवलंत, तर 90 किलोचा एक प्रवासी कायमचा गाडीत बसवलात असं समजा. आणि स्वस्तात मिळतात म्हणून डांबराचे पट्टे लावणार असाल तर नकोच. आपल्याकडच्या उन्हात ते मऊ पडून सरकतात आणि वासही सोडतात.

मग उष्णता? "फॉइल ती परत पाठवते," असं सांगतात. पाठवते, पण फॉइलसमोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये ती दाबून चिकटवली की परावर्तन संपलं. उलट ॲल्युमिनियम हा उष्णतेचा उत्तम वाहक. खरं काम करतो तो जाडीचा, हवा कोंडून ठेवणारा थर: एसीच्या डक्टवर असतो तो बंद छिद्रांचा नायट्राइल रबर किंवा एक्सपीएसची पाटी. थर्माकोलही उष्णता अडवतो, पण चालत्या गाडीत पत्र्यावर घासून किरकिरतो आणि रेक्झिनसाठी वापरतात तो सोल्युशनचा डिंक त्याला विरघळवून टाकतो. कोणतंही साहित्य घ्या, लोखंडी फासळ्या उघड्या सोडल्या तर उष्णता त्या वाटेने येणारच. आणि काचा विसरू नका. उभ्या गाडीत उन्हाचा मोठा वाटा तिथूनच शिरतो, तेव्हा पडदा काचेच्या बाहेरून लावलेला बरा.

"इन्सुलेशन केलं की पंखासुद्धा नको," हे आणखी एक. इन्सुलेशन गारवा तयार करत नाही, उष्णतेची ये-जा फक्त मंदावतं. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देत असतो, त्यात फ्रिजची भर. विदर्भातल्या मे महिन्यात अशी गाडी बंद करून झोपलात, तर आतली ऊब आतच कोंडणार. छताला हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच.

अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा फोम लावून हायवेवरचे ट्रक ऐकू येणं थांबत नाही. तो आतला घुमारा शोषतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. साधा फोम पेटतोही झटकन. बाहेरचा आवाज शिरतो फटींतून. भिंत कितीही जड केलीत, तरी तिच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का फट राहिली की एकूण आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. म्हणून शीटचं दुसरं बंडल आणण्याआधी सरकत्या दाराचं फाटलेलं रबरी बीडिंग बदला.

सगळ्यात कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. 1 किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, शिवाय झोपलेल्यांचा श्वास आहेच. आत 25 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 21 अंशांच्या पत्र्यावरही दव धरतं. स्पितीच्या थंडीची वाट बघायला नको, पावसाळ्यातलं महाबळेश्वर पुरे. थराच्या मागे पोकळी राहिली तर हे पाणी तिथे साचतं, ग्लासवूल भिजून बसते आणि गंज आतून सुरू होतो. म्हणून थर पत्र्याला सलग चिकटलेला हवा. डब्यातला पीयू फोम दारांच्या पोकळीत भरायचा मोह मात्र टाळा. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती बुजली की पावसाचं पाणी दारातच मुरतं, आणि फोम फुगून पातळ पत्र्याला फुगवटा येतो तो वेगळाच.

प्लायवूड ठोकायच्या आधी त्या भोकांत तार घालून ती मोकळी आहेत ना, हे बघा. हवेची जाळी 'आवाज येतो' म्हणून कुणालाही बुजवू देऊ नका. बंद गाडीत शेगडी पेटवून ऊब घेऊ नका, आणि पलंगाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. त्या वायूला वास नसतो.