‘कदी मदी घेत्यात’

रात्रीचे अडीच. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक माणूस उठून बसलाय आणि हवेत धागे जोडतोय. अंगठा आणि तर्जनी जवळ आणतो, गाठ मारतो, ओढून बघतो, पुढच्या धाग्याकडे वळतो. बोटं थरथरतात, कपाळावरून घाम गळतोय. पोटावरचं ड्रेसिंग एका कडेनं ओलं झालंय. मला बघून म्हणतो, “जॉबर, माग बंद पाडू नगा. कांडी बदलतोय की.”

मी जॉबर नाही, रात्रपाळीचा फिजिशियन. सर्जरीच्या रेसिडेंटनं बोलावलंय. पेशंट इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, वय ४८. जलोदरानं पोट फुगलेलं, त्या दाबानं बेंबीतून आतडं बाहेर येऊन अडकलं, म्हणून तातडीनं ऑपरेशन झालं. आजची तिसरी रात्र. कालपर्यंत गप्प होता. संध्याकाळी सलाईन उपसलं, आता चादरीवरच्या मुंग्या झाडतोय. चादरीवर मुंग्या नाहीत.

“भूल डोक्यात गेली,” पायथ्याशी उभा असलेला मेव्हणा म्हणतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना ही बाहेरची बाधा वाटतेय. केसपेपरवर व्यसनाच्या रकान्यात ‘क्वचित’ लिहिलंय. रिपोर्ट मात्र वेगळं बोलतात: एमसीव्ही १०४, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, प्लेटलेट ७८ हजार, आयएनआर १.७. क्वचित घेणाऱ्याचं रक्त असं नसतं.

बायकोला व्हरांड्यात घेऊन जातो. हा प्रश्न भाऊबंदांसमोर विचारण्यात अर्थ नसतो.

“ताई, रोज घेतात ना?”

“कदी मदी घेत्यात.”

मी काही बोलत नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते. “सकाळी कामाला जाताना एक क्वार्टर. पाळी सुटल्यावर एक. लई वर्सं झाली. व्यसन सांगितलं की विम्यात बसत न्हाई, म्हनाले समदे.”

म्हणजे शेवटचा घोट ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. सत्तरेक तास झाले. दारू रोज मेंदूला गुंगी देते आणि मेंदू त्यावर उपाय म्हणून स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू अचानक तुटली की ते जागेपण तेवढं उरतं, त्याला आवर घालणारं काही राहत नाही. पहिल्या दिवशी हात कापतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हे असं भान सुटतं. डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात त्याला. उपचार नव्हते तेव्हा यात तीन-चार जणांमागे एक दगावायचा.

पण निदान झालं असं समजून मोकळं होता येत नाही. ऑपरेशननंतर नाडी १२४ असायला दारूच कारण असते असं नाही. पोटात रक्तस्राव असेल, टाक्यात पू असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, साखर उतरली असेल. रेसिडेंट पोट चाचपते. मऊ आहे. ड्रेसिंग ओलं आहे ते जलोदराच्या पाण्यानं, रक्तानं नाही. साखर ९२, ताप नाही. मॅग्नेशियम मात्र १.३. ते द्यावंच लागेल.

आता खरी मेख. लिव्हर निकामी होत आलं की माणूस लिव्हरमुळेही भ्रमतो. काकांना हात पुढे करून पंजे उभे धरायला सांगतो. लिव्हरच्या भ्रमात मनगट मधूनच गळून पडतं, पंखासारखं फडफडतं, आणि माणूस बहुधा पेंगतो. यांचा कंप बारीक, सलग, आणि डोळे टक्क उघडे. दारूच तुटलीय. तरी दोन्ही एकत्र असू शकतं, म्हणून लॅक्ट्युलोजही लिहितो.

सिस्टर औषधांचं कपाट उघडतात. “नेहमीचं क्लोरडायझेपॉक्साइड काढू?”

“नको. लोराझेपाम.”

रेसिडेंट कारण विचारते. मला असे रेसिडेंट आवडतात. क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम यांचा निचरा करताना लिव्हरला जास्त राबावं लागतं. हे लिव्हर तेवढं करू शकत नाही. औषध साचत जातं आणि आज शांत झालेला पेशंट परवा उठत नाही. लोराझेपामचा निचरा सोप्या वाटेनं होतो, ती वाट खराब लिव्हरमध्येही बरीचशी शाबूत असते. “आणि हॅलोपेरिडॉल?” एकटं तर मुळीच नको, फिट यायची शक्यता वाढते.

सिस्टर फ्रिजमधून अँप्यूल आणतात, तेवढंच सलाईन मिसळून पातळ करतात. त्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ग्लुकोजची बाटली स्टँडला लावून तयार आहे, पण थायमिन गेल्याशिवाय त्या ती चालू करत नाहीत. बी-१ आटलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सिस्टरना हे सांगावं लागत नाही.

एक मिलिग्रॅम, सावकाश. पंधरा मिनिटं थांबायचं, श्वास मोजायचे, मग पुढचा. आम्हाला त्यांना झोपवून टाकायचं नाहीये; हाक मारली की डोळे उघडतील इतपतच हवं.

मधल्या वेळात मेव्हणा माझ्याजवळ सरकतो. “साहेब, थोडी पाजली तर? खिशात हाय.” त्याचं अगदीच चूक नाही, एके काळी सर्जन मंडळी याच कारणासाठी सलाईनमधून अल्कोहोल देत असत. पण या लिव्हरला, या ताज्या टाक्यांना ते सोसायचं नाही, आणि उलटी फुफ्फुसात गेली तर संपलंच. बाटली बाहेर ठेवून यायला सांगतो. तो जातो.

तिसऱ्या डोसनंतर बोटं थांबतात. पावणेसहाला नाडी ९८. हाक मारल्यावर काका स्वतःचं नाव बरोबर सांगतात, मग विचारतात, “दुसरी पाळी लागली का?” अजून तीन-चार दिवस जातील. टाके निघाल्यावर दारू सोडण्याचं बोलणं. डायसल्फिराम या लिव्हरला चालणार नाही, बॅक्लोफेनचा विचार करता येईल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता रेसिडेंट आताच केसपेपरच्या मागे लिहून ठेवते. उत्साही आहे.

ऑपरेशनआधी भुलीचे डॉक्टर विचारतात तेव्हा दारू कोणती, किती आणि शेवटची कधी, हे तिन्ही सांगा. पेशंट लाजत असेल तर घरातल्या एकानं डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावं. आणि रोज पिणाऱ्या माणसानं ऑपरेशन ठरलं म्हणून आपल्याच मनानं एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.