दोन हातमोजे आणि एक कप चहा

हॉस्टेलच्या दोरीवरून तुमचा टॉवेल कधी गायब झालाय? मग ग्रुपवर ‘ज्याने उचललाय त्याने गुपचूप आणून ठेवा’ असा मेसेज टाकला असेल आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्याही हासडल्या असतील. रोमन काळात दोसिमिदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तेव्हा त्यानेही हेच केलं. फक्त त्याचा मेसेज शिशासारख्या मऊ धातूच्या पत्र्यावर होता आणि तो थेट देवीला होता. मागणं काय, तर चोराची अक्कल आणि डोळे दोन्ही जावोत!

असे पत्रे बघायचे तर इंग्लंडमधलं बाथ गाठायला हवं. मास्टर्ससाठी यूकेला निघाला असाल तर एक शनिवार या गावासाठी राखून ठेवा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ट्रेनने साधारण दीड तास लागतो. स्टेशनवरून ‘रोमन बाथ्स’ चालत जाण्याइतकं जवळ आहे.

इथे जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं गरम पाणी येतं, रोज ११ लाख लिटरहून जास्त. रोमन लोकांनी इ.स. पहिल्या शतकात त्यावर स्नानगृहं आणि सुलिस मिनर्व्हा देवीचं मंदिर उभारलं. मोठ्या कुंडाच्या तळाला त्यांनी बसवलेले शिशाचे पत्रे आजही जागेवर आहेत. पण कुंडापाशी पोचताच मोबाइल काढायची घाई नको. फोटोत भारी दिसणारे वरचे खांब आणि पुतळे रोमन नाहीतच, ते १९व्या शतकातले आहेत. रोमन काम आहे ते खाली, खांबांच्या बुंध्याशी. तेव्हा कुंडावर छप्पर होतं. आता वरून ऊन पडतं, म्हणून पाण्यात शेवाळ वाढतं आणि ते हिरवं दिसतं. हो, आणि गावाचं नाव बाथ असलं तरी या पाण्यात हातसुद्धा घालायचा नाही, ते शुद्ध केलेलं नसतं.

आता त्या पत्र्यांकडे या. झऱ्यात असे सुमारे १३० शाप सापडलेत, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या शतकातले. लिहायचं, गुंडाळी करायची आणि पाण्यात टाकायचं. कुणी अक्षरं उलटी लिहिली आहेत. आनियानुस नावाच्या माणसाची चांदीची सहा नाणी सकाळी पिशवीतून गेली. चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, देवीने त्याला सोडू नये, म्हणून त्याने सगळ्या शक्यता लिहून टाकल्या. इथे ना सम्राट, ना लढाया. आपल्या पुस्तकातल्या रोमन इतिहासात ही माणसं कुठेच भेटत नाहीत. पण हातमोजे गेल्यावर होणारा संताप आपल्याला लगेच कळतो, नाही का?

पाय दुखायला लागले की शेजारच्या पंप रूममध्ये शिरा. १७९०मध्ये याच इमारतीचा पाया खणताना मंदिराचे मोठे अवशेष हाती लागले होते. इथला आफ्टरनून टी म्हणजे तीन मजली स्टँड: सँडविच, स्कोन, केक. स्टुडंटच्या खिशाला तो झेपेलच असं नाही. मग नुसता चहा आणि एक बाथ बन घ्या. झऱ्याचं शुद्ध केलेलं पाणीही इथे प्यायला मिळतं. कोमट आणि खनिजांच्या चवीचं, एक घोट पुरे! चहा निवेपर्यंत वहीत लिहा, आज काय पाहिलं ते नव्हे, आज कोण भेटलं ते.

यूके लांब वाटतंय? मग कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथे आहे. एवढीशी मूर्ती, पण रोमन जगाशी आपला व्यापार होता याचा हा पुरावा. ती कुणाच्या सामानातून आली असेल, वाटेत तिला कुणी जपलं असेल, हे प्रश्न घेऊन बाहेर पडा आणि टपरीवर चहा सांगा. आणि हो, छत्री आत विसरू नका. शाप द्यायला आपल्याकडे झरा नाहीये!