लाखामागे किती?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातल्या वक्तृत्वस्पर्धेला मी परीक्षक होतो. एक विद्यार्थी तावातावाने बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "२०१२ साली स्वीडनमध्ये दर लाख लोकवस्तीमागे बलात्काराचे साठाहून अधिक गुन्हे नोंदले गेले. आपल्याकडे किती? दोन! आता सांगा, सुसंस्कृत कोण?" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र गुण मांडता मांडता थांबलो. पोराने खोटे काही सांगितले नव्हते. दोन्ही आकडे त्या त्या देशाच्या सरकारी दप्तरातलेच होते. पण त्यांवरून त्याने काढलेला निष्कर्ष टिकणारा नव्हता, आणि तो का टिकत नाही हे पाच मिनिटांत सांगणे मला त्या दिवशी जमले नाही. म्हणून आज जरा सवडीने सांगतो.

सरकारी तक्त्यात येतो तो आकडा नोंदींचा. प्रत्यक्ष घडलेल्या कृत्यांपैकी नोंदीपर्यंत पोचतात ती थोडीच. आधी कायद्याने त्या कृत्याला गुन्हा म्हटले पाहिजे. मग ज्याच्यावर तो प्रसंग गुदरला त्याने ठाण्यापर्यंत गेले पाहिजे. तिथल्या माणसाने त्याचे म्हणणे खरे मानून लिहून घेतले पाहिजे, आणि लिहिलेल्याची मोजणी कोणत्या तरी नियमाने झाली पाहिजे. या प्रत्येक पायरीवर देशोदेशी वेगळा रिवाज आहे.

स्वीडनचेच बघा. नवऱ्याने बायकोवर केलेली बळजबरी तिथे १९६५ पासून बलात्कार ठरते. आपल्या कायद्यात सज्ञान पत्नीच्या बाबतीत तो अपवाद आजही कायम आहे. २००५ साली स्वीडनने बलात्काराची व्याख्या बरीच रुंद केली. पूर्वी दुसऱ्या, सौम्य सदरात पडणारी कृत्ये तिच्यात आली. पुढे २०१८ मध्ये संमती नसणे एवढेच पुरेसे धरले गेले. आणि मोजणीचा नियम तर फारच निराळा. एखाद्या स्त्रीने येऊन सांगितले की, वर्षभर दर आठवड्याला हा प्रकार घडत होता, तर तिथे बावन्न गुन्हे मोजले जातात. आपल्याकडे ती एक फिर्याद, म्हणजे एक गुन्हा. शिवाय बलात्कार करून खून केला असेल, तर आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात ते प्रकरण खुनाच्या रकान्यात जाते. एका प्रकरणात अनेक कलमे असली तरी त्यांतले सर्वांत गंभीर तेवढे मोजायचे, असा आपला नियम आहे. जर्मनीत पोलीस तपास आटोपून कागद सरकारी वकिलाकडे जातात तेव्हा मोजणी होते. स्वीडनमध्ये तक्रार आली त्या दिवशीच. मग तपासात काही निष्पन्न न झाले तरी आकडा सहसा तिथेच राहतो.

आता आपल्या दोनाकडे वळू. २०१२ साली देशभरात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीची ती भीषण घटना घडली. पुढच्या वर्षी कायदा बदलला. अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाच शिक्षेची तरतूद झाली. २०१३ चा आकडा किती आला? ३३,७०७. एका वर्षात पस्तीस टक्के वाढ! देशातले पुरुष बारा महिन्यांत इतके बिघडले असे कोणी म्हणणार नाही. व्याख्या रुंदावली होती, बायका पुढे येऊ लागल्या होत्या, आणि लिहून घेणारा हात थोडा सैल झाला होता.

हा हात कसा आवळलेला असतो, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे मनगट नवऱ्याने मारहाणीत मोडले. मी आणि माझी पत्नी त्यांच्याबरोबर चौकीवर गेलो. ठाणे अंमलदारांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, घरगुती मामला आहे. एन.सी. घेतो." एन.सी. म्हणजे अदखलपात्र. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. क्ष-किरणाचे चित्र माझ्या हातातच होते. ते मी पुढे केले. त्यांनी पाहिले, परत दिले आणि एन.सी.च लिहिली. बाई म्हणाल्या, "दादा, चला घरी." मीही फार रेटा लावला नाही, हे कबूल केले पाहिजे. राष्ट्रीय तक्त्यात दखलपात्र गुन्हेच मोजतात. तेव्हा त्या वर्षीच्या तक्त्यात त्या बाईंचे मनगट मोडलेलेच नाही.

हे आपल्याकडेच चालते असे समजू नका. इंग्लंडमध्ये २०१४ साली पोलीस खात्याच्या तपासनिसांनी नोंदवह्या उलगडून पाहिल्या, तेव्हा पोलिसांच्या कानावर गेलेल्या दर पाच गुन्ह्यांपैकी जवळजवळ एक नोंदलाच गेला नव्हता, असे आढळले. हिंसेच्या गुन्ह्यांत तर हे प्रमाण एक तृतीयांश होते. त्याच वर्षी पोलिसी नोंदींच्या आकड्यांवरची अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकीची मोहोर काढून घेण्यात आली.

याच इंग्लंडची आणखी एक गंमत आहे. २००९ साली तिथल्या वृत्तपत्रांत गाजावाजा झाला, की ब्रिटनमध्ये हिंसक गुन्हे लाखामागे दोन हजारांवर, आणि अमेरिकेत पावणेपाचशेच्या आतच! म्हणजे बंदुकांच्या देशापेक्षा ब्रिटन चौपट हिंसक. अमेरिकेतली मंडळी आजही हा आकडा वादात तोंडावर फेकतात. पण दोन्हीकडे 'हिंसक' या शब्दात काय भरले आहे ते कोणी बघायचे? अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला एवढ्या चारच गोष्टी त्यात धरते. इंग्लंडमध्ये १९९८ पासून साधी मारहाणही त्या सदरात आली. जखम न करता केलेली धक्काबुक्की, छळवणूक हीसुद्धा तिथे हिंसाच. एकाने फक्त हापूस मोजायचे आणि दुसऱ्याने कैऱ्यांसकट सगळी आमराई मोजायची, तसा हा प्रकार झाला. खुनांचे आकडे शेजारी ठेवले की चित्र फिरते. त्या सुमारास अमेरिकेत लाखामागे पाच-साडेपाच खून होत होते, इंग्लंड-वेल्समध्ये सव्वाच्या आसपास.

म्हणूनच जाणती माणसे म्हणतात, तुलना करायचीच तर खुनाची करा. प्रेत लपवणे कठीण. हे बरेचसे खरे आहे. पण खुनाच्या आकड्यालाही आपल्या खोडी आहेत. हाईड गावचा डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन वर्षानुवर्षे आपल्या रोग्यांना मारत आला. चौकशीचा निकाल लागला २००२ मध्ये, आणि त्याचे १७२ बळी इंग्लंडच्या २००२-०३ या एकाच वर्षाच्या मनुष्यवधांत मोजले गेले. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १९८९ साली चेंगराचेंगरी झाली. त्यातल्या ९६ जणांचा मृत्यू बेकायदा वध होता असे २०१६ मध्ये ठरले, आणि ते सत्तावीस वर्षांनंतर तक्त्यात चढले. उलट अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ चे जवळजवळ तीन हजार बळी त्या वर्षीच्या खुनांच्या बेरजेत धरलेच नाहीत. त्यांची यादी वेगळी ठेवली. त्या वर्षी अमेरिकेत बाकीचे खून सोळा हजारांच्या आसपास होते. तेव्हा हा फरक काही किरकोळ नव्हे.

आणि आपण? २०१२ मध्ये आपल्याकडे ३४,४३४ खून नोंदले गेले. त्याच तक्त्यात थोडे खाली 'हुंडाबळी' असा वेगळा रकाना आहे, त्यात ८,२३३. जळालेली, विष पाजलेली, विहिरीत सापडलेली ही सून खुनाच्या बेरजेत नाही. यांतले किती खून आणि किती आत्महत्या, हे कागद पाहून सांगता येत नाही. पण परदेशी अभ्यासकाने आपला 'खून' हा एकच रकाना उचलला, तर या सगळ्या जणी हिशेबातून गळतात.

वैद्यकाचाही यात हात आहे. २००२ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवून दिले, की १९६० ते १९९९ या काळात तिथे गंभीर हल्ल्यातून मृत्यू ओढवण्याचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घसरले. मारेकरी दयाळू झाले नव्हते. रुग्णवाहिका वेळेवर पोचू लागली होती. चाकू तोच, जखम तीच. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या दारात भोसकलेला माणूस वाचला तर तो 'खुनाचा प्रयत्न', आणि पावसाळ्यात वाट बंद झालेल्या पाड्यावरचा मेला तर 'खून'. रकाना बदलतो तो रस्त्यामुळे.

यावर एक उपाय निघाला आहे, तो घरोघर जाऊन लोकांनाच विचारण्याचा: गेल्या वर्षात तुम्हाला कोणी मारले, लुटले का? अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडमध्ये १९८२ पासून अशा पाहण्या चालू आहेत. १९८९ पासून तर अनेक देशांत एकाच प्रश्नावलीने विचारपूस झाली, आणि नव्वदीच्या दशकात मुंबईचाही तीत समावेश होता. पोलीस चौकीचा उंबरा न चढलेल्या पुष्कळ गोष्टी अशा पाहणीत बाहेर येतात. मात्र मेलेला माणूस दार उघडून उत्तर देत नाही. आणि नवरा शेजारी बसला असता बायको काय सांगणार, हे मी वेगळे लिहायला नको.

स्पर्धेनंतर तो विद्यार्थी मला भेटायला आला. थोडा हिरमुसला होता, कारण दुसरा क्रमांक मिळाला होता. "मग तुलना करायचीच नाही का, सर?" मी म्हटले, "कर की. खुनापुरती कर, पण आपल्या खुनात सदोष मनुष्यवध आणि हुंडाबळीचे आकडे शेजारी मांडून ठेव. बाकी गुन्ह्यांत एकाच देशाची दोन वर्षे घे, आणि मधल्या काळात कायदा किंवा मोजणीचा नियम बदलला का ते आधी पाहा." संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली गुन्ह्यांची एक समान वर्गवारी केली आहे, तीही त्याला दाखवली. वर्गवारी चांगली आहे. पण ती भरायची त्याच चौक्यांमधल्या वह्यांवरून.

महिनाभराने तो पुन्हा आला. हातात १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नवी न्याय संहिता होती. जुन्या दंड संहितेत वीस दिवस तीव्र वेदना भोगल्या, किंवा तितके दिवस नेहमीची कामे करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत होत असे. नव्या संहितेत पंधरा दिवस पुरतात. त्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "सर, म्हणजे आता गंभीर दुखापती वाढणार?"

"तक्त्यात वाढतील," मी म्हणालो. "ठाणे अंमलदारांनी लिहिल्या तर."