ट्रिम यंत्रणा, द्रवीय

लहान वेगवान नौकेच्या पिछाडीस बसविलेल्या एंजिनाचा, अथवा एंजिन नौकेच्या आत असल्यास त्याच्या बाहेरील प्रेषकाचा, नौकेच्या तळाशी होणारा कोन तेलाच्या दाबाने बदलणारी व बदललेला कोन टिकवून धरणारी यंत्रणा. उथळ पाण्यात किंवा नौका किनाऱ्यावर ओढताना एंजिन पूर्ण वर उचलण्याचे कामही हीच यंत्रणा करते. तेलाची गळती हा या यंत्रणेतील नित्याचा बिघाड होय. गळतीची दुरुस्ती अवघड नसते. अवघड असते ते तिचे निदान. निदान न करता केवळ सील बदलल्यास तीच गळती थोड्याच दिवसांत पुन्हा उद्‌भवते, असा अनुभव वारंवार येतो.

ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली विक्रीस आणलेले बाह्य एंजिन वल्ह्याच्या होडीवर अडकविण्याजोगे होते व ते हातानेच उचलावे लागे. कोकण किनाऱ्यावरील लहान मच्छीमार होड्यांवरील बाह्य एंजिने बहुधा आजही हातानेच उचलतात. एंजिनांची शक्ती व वजन वाढत गेले तसे हे काम हाताने करणे अशक्य झाले. एंजिन आत आणि दंतचक्रांसह मळसूत्री पंखा बाहेर, अशी रचना १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटा कंपनीच्या ‘ॲक्वामॅटिक’ या प्रेषकाने प्रचारात आणली. अशा जड प्रेषकांना व मोठ्या बाह्य एंजिनांना पुढे द्रवीय यंत्रणा जोडण्यात आली.

कोनाचे महत्त्व : पंखा नौकेच्या पिछाडीपासून बाहेर कलता केला म्हणजे नाळ वर उचलली जाते, पाण्यात बुडालेले क्षेत्र कमी होते व वेग वाढतो. हा कल फार झाल्यास नाळ एकसारखी वरखाली आपटू लागते आणि पंखा हवा ओढू लागून त्याची पकड सुटते. पंखा आत घेतला म्हणजे नाळ खाली दबते. नौका थांबलेल्या स्थितीतून वेग घेत असताना हे इष्ट असते. पण पूर्ण वेगात नाळ अकस्मात खाली गेली, तर ती पाण्यात रुतून नौका एकाएकी बाजूस वळते व आतील माणसे बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. पंख्याचा पुढे ढकलणारा रेटा प्रेषकास सतत आत दाबत असतो. या रेट्याला तोलून धरणारी वस्तू म्हणजे सिलिंडरात कोंडलेले तेल. ते निसटू लागले की प्रेषक चालकाच्या इच्छेविरुद्ध आत सरकू लागतो. म्हणून ही गळती केवळ तेलाच्या नासाडीचा प्रश्न नव्हे.

रचना व कार्य : १२ व्होल्टांच्या विद्युत् घटमालेवर चालणारे, दोन्ही दिशांनी फिरणारे एक चलित्र लहान दंतचक्र पंप फिरवते. तेलाची टाकी, पंप व झडपांचा ठोकळा एकत्र बसविलेले असतात. बाह्य एंजिनात हा सर्व संच व सिलिंडर एंजिनाच्या आधारकंसांमध्ये सामावलेले असतात. प्रेषकाच्या पद्धतीत पंप नौकेच्या आत व दोन सिलिंडर बाहेर, प्रेषकाच्या दोन्ही अंगांस असतात. त्यांना जोडणाऱ्या नळ्या पिछाडीच्या फळीतून पलीकडे जातात. चलित्र एका दिशेने फिरले म्हणजे तेल दट्ट्याच्या मागे जाते, दंड बाहेर येतो व प्रेषक वर जातो. उलट फिरले म्हणजे दंडाच्या बाजूस तेल जाऊन प्रेषक खाली येतो. चलित्र थांबल्यावर एकदिशा झडपा तेल जागच्या जागी कोंडून धरतात. दाबमुक्ती झडपा दाब मर्यादेत ठेवतात. वर उचलण्याच्या बाजूस हा दाब काही यंत्रणांत दर चौ. सेंमी. ला १५० किग्रॅ. पेक्षाही अधिक असतो. खाली आणण्याच्या बाजूस तो बराच कमी पुरतो. विद्युत् पुरवठा बंद पडल्यास एंजिन हाताने उचलता यावे यासाठी दोन्ही बाजू एकमेकींस जोडणारी, हाताने उघडावयाची एक झडपही असते.

दट्ट्यात गोळी व स्प्रिंग असलेल्या लहान धक्काशोषक झडपा बसविलेल्या असतात. प्रेषक एखाद्या तरंगत्या ओंडक्यावर आदळला, तर दंड झटक्याने बाहेर खेचला जातो व या झडपांतून तेल पलीकडे जाऊन प्रेषकाला वर उसळण्यास वाव मिळतो. त्यांपैकी एकीत कचरा अडकला, तर नौका उलट दिशेने चालविताना प्रेषक आपोआप वर येऊ लागतो.

गळतीचे स्वरूप : गळती बाह्य किंवा अंतर्गत असते. बाह्य गळतीत तेल यंत्रणेबाहेर जाते व टाकीतील पातळी उतरते. अंतर्गत गळतीत तेल आतल्या आतच एका बाजूकडून दुसरीकडे जाते. पातळी कायम राहते, पण उचललेले एंजिन रात्रभरात खाली बसते. हाताने उघडावयाची झडप पूर्ण न मिटणे, एकदिशा झडपेच्या बैठकीवर कण अडकणे किंवा दट्ट्यावरील ‘ओ’ रिंग झिजणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पहिले कारण इतके साधे असते की, ते पाहण्यापूर्वी काहीही उघडू नये.

बाह्य गळती बहुधा दंड जेथून बाहेर येतो त्या टोपीपाशी, नळ्यांच्या जोडांत, टाकीच्या तळाशी किंवा चलित्राच्या आसाभोवती आढळते. शेवटच्या प्रकारात तेल चलित्रात शिरते; बाहेर थेंबही दिसत नाही आणि चलित्र मात्र निकामी होते.

दाबाखालच्या फिरत्या वा सरकत्या भागाभोवतीची गळती हा प्रश्न जुना आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व घेतले, तेव्हा दट्ट्याभोवतीची गळती हीच मोठी अडचण होती. द्रवाच्या दाबानेच कड फाकून दंडावर घट्ट बसणारी चामड्याची कटोरी वापरून ती दूर झाली. या युक्तीचे श्रेय त्यांच्या कारखान्यातील हेन्‍री मॉडस्ली यांना देतात. आजचे ओठ असलेले रबरी सील याच तत्त्वावर चालते. त्यामुळे ते उलट बसविल्यास नवे असूनही गळते. ‘ओ’ रिंगचे अमेरिकन एकस्व नील्स क्रिस्टेनसेन यांना १९३९ मध्ये मिळाले.

परंतु सील कितीही चांगले असले, तरी ज्या दंडावर ते घासते तो गुळगुळीत नसेल तर ते टिकत नाही. खाऱ्या पाण्यात दंडाच्या पृष्ठभागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. उष्ण कटिबंधातील समुद्रात बाहेर आलेल्या दंडावर बार्नेकल लवकर चिकटतात. दंड आत जाताना त्यांच्या कवचांनी पुसणी-कडे व सील ओरखडले जाते. दंडावरून बोटाचे नख अलगद फिरवावे. ते कोठे अडकले, तर तो दंड बदलणे हाच उपाय. काचकागदाने घासून खड्डा जात नाही, उलट दंडाचा व्यास घटतो.

निदान : प्रथम यंत्रणा धुऊन कोरडी करावी, कारण तेल वाऱ्याने व पाण्याने दूरवर पसरते. स्वयंचलित प्रेषणाचे लाल तेल वापरलेले असल्यास माग काढणे सोपे जाते. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे. जेथून तेल बाहेर येते तेथूनच, दंड थंड होऊन आत जाताना, पाणीही ओढले जाते. दाबाखालील नळीची गळती हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून येणारी धार त्वचेत शिरते व ही इजा दिसते त्याहून फार गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

पातळीच्या बाबतीत एक चकवा आहे. दंड आत असताना तो सिलिंडरातील जागा व्यापतो. बाहेर आल्यावर तेवढे जास्त तेल सिलिंडरात मावते. दंडाचा व्यास २ सेंमी. व सरक २० सेंमी. धरल्यास हा फरक दर सिलिंडरास सु. ६३ घ. सेंमी., म्हणजे दोहोंचा मिळून सु. १२५ घ. सेंमी. होतो. प्रेषक वर असताना टाकी काठोकाठ भरली, तर तो खाली येताच हे तेल वायुछिद्रातून सांडते आणि नसलेल्या गळतीचा शोध सुरू होतो. बहुतेक बाह्य एंजिनांत पातळी एंजिन पूर्ण वर असताना पाहतात, तर आत पंप असलेल्या प्रेषकांच्या पद्धतीत पुष्कळदा प्रेषक पूर्ण खाली असताना. बाह्य एंजिन खाली असताना टाकीचे बूच काढल्यास तेल उसळून बाहेर येऊ शकते. निर्मात्याची सूचना येथे अक्षरशः पाळावी.

अंतर्गत गळती पंपाच्या बाजूची की सिलिंडरातील, हे ठरविताना सिलिंडरच्या दोन्ही वाटा बंद करून पाहणे फसवे ठरते. दट्ट्यावरची रिंग पूर्ण तुटलेली असली, तरी दंडास आत जाण्यासाठी जागा नसल्याने सिलिंडर भार धरून ठेवतो. म्हणून फक्त दट्ट्यामागील वाट बंद करून दंडाकडील वाट भांड्यात मोकळी सोडावी. एंजिन तरीही बसत असेल, तर दोष दट्ट्यात आहे.

दुरुस्ती : एंजिन वर उचलून त्याची यांत्रिक खीळ लावावी आणि तिच्यावरही विसंबून न राहता खाली भक्कम लाकडी टेकू द्यावा. हे झाल्याखेरीज हाताने उघडावयाची झडप सैल करू नये. ती सैल करणे म्हणजे शंभरावर किग्रॅ. वजनाच्या एंजिनाचा आधार काढून घेणे होय. घटमालेची ऋण तार सोडवावी, दाब उतरू द्यावा व तेल भांड्यात घ्यावे. ते पाण्यात जाऊ देऊ नये.

सिलिंडरची टोपी दोन खुंट्यांच्या पान्याने फिरवतात. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमाचे आटे इतके गच्च बसतात की, छिद्रे झिजून टोपी निकामी होते. भेदक तेल रात्रभर मुरवून, माफक उष्णता देऊन व पाना घट्ट दाबून धरून ती काढावी. छिन्नीने ठोकू नये. दंड बाहेर काढल्यावर सिलिंडरचा अंतःपृष्ठभाग व दंड तपासून, ते निर्दोष असतील तरच नवा संच बसवावा. संचातील सर्व रिंगा बदलाव्यात. जुन्या रिंगा पितळी किंवा प्लॅस्टिकच्या आकड्याने काढाव्यात. पोलादी टोकाने खाचेला पडलेला ओरखडाच पुढील गळतीची वाट होतो. नवी सीले त्याच तेलात भिजवून बसवावीत. सुती बोळ्याने पुसू नये, कारण त्याचा एक धागाही झडप उघडी ठेवण्यास पुरतो. टोपीच्या आट्यांना समुद्री ग्रीज लावावे.

तेल निर्मात्याने सांगितलेलेच भरावे. मोटारीच्या ब्रेकचे ग्लायकॉलयुक्त द्रव कधीही घालू नये. खनिज तेलासाठी वापरलेले नायट्राइल रबर त्यात फुगते व मऊ पडते आणि मग संपूर्ण यंत्रणाच उघडावी लागते. तेल भरल्यावर एंजिन अनेकदा पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन, मधूनमधून पातळी भरीत, कोंडलेली हवा काढून टाकतात. हवा राहिल्यास हालचाल धक्के देत होते व तेल फेसाळते. शेवटी एंजिन अर्धवट वर ठेवून दंडावर खूण करतात व दुसऱ्या दिवशी ती पाहतात.

बाहेरील प्रेषक असलेली नौका पाण्यात नांगरून ठेवताना प्रेषक खाली ठेवणे चांगले, कारण त्यामुळे दंड तेलात, आत राहतात. बाह्य एंजिन मात्र पाण्याबाहेर उचलून ठेवतात. त्याचे उघडे दंड गोड्या पाण्याने धुवावेत. जवळचा जस्ताचा त्यागी धनाग्र अर्धा झिजला की बदलावा.