शिंदे घाटावरचा ओळंबा

सकाळचे साडेसात. बनारसच्या शिंदे घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या आहेत, धुकं पाण्यावरून हललेलं नाही आणि पलीकडची वाळू अजून दिसत नाही. उजव्या हाताला मणिकर्णिकेचा धूर त्या धुक्यात मिसळून जातोय. माझ्या दोन पायऱ्या खाली एक मुलगी मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसली आहे. कोल्हापूरकडच्या एका कला महाविद्यालयाची स्टडी टूर आली आहे. बाकीची मुलं पंचगंगा घाटाकडे पांगलीत, ही एकटी इथे.

ती खोडतेय. बराच वेळ खोडतेय. कागदाला लव आली आहे, तरी खोडरबर थांबत नाही. मग ती क्लिप काढते, कागद चुरगाळते आणि पिशवीत कोंबते. पिशवीत आधीचे दोन बोळे आहेत.

"माझा हातच नाही हो, काकू," मी मराठी आहे हे कळल्यावर ती पहिलं वाक्य बोलते ते हेच. "इंटरमिजिएटला सी ग्रेड होती. तेव्हाच थांबायला हवं होतं. बाकीच्यांची स्केचेस बघा, ग्रुपवर टाकलीत."

मी चाळीस वर्षं चित्रं काढतेय आणि हे वाक्य दर वेळी नव्याने लागतं. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी बोळे मागते. ती संकोचाने देते. मी एकेक मांडीवर पसरून हाताने सपाट करते.

समोर रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. काठावर न बांधता पार खाली, पाण्याच्या पातळीला बांधलेलं. वर्षातले कितीतरी महिने गाभारा पाण्यात असतो, आत्ताही पायथ्याशी गाळ साचलाय. आणि देऊळ कललेलं आहे, नऊएक अंशांनी. नावाडी त्याला मातृऋण महादेव म्हणतात. आईचं ऋण फेडलं असं बांधणारा म्हणाला आणि त्याच क्षणी देऊळ कललं, अशी त्यांची गोष्ट आहे.

पहिल्या बोळ्यात देऊळ कललेलं आहे. दुसऱ्यात कमी. आत्ता चुरगाळलेल्या तिसऱ्यात ते ताठ उभं आहे, आणि शेजारच्या पायऱ्या मात्र विचित्र घसरल्यात.

"पहिलं का चुरगाळलंस?"

"तिरकं आलं ना. माझ्या उभ्या रेघा नेहमीच तिरक्या जातात."

माझ्या खोलीच्या किल्लीला लाल दोरा बांधलेला आहे. मी तो तिच्या हातात देते. "एक डोळा मीट. हात लांब कर. किल्ली स्थिर होऊ दे. गवंडी ओळंबा धरतो तसं." ती धरते. किल्ली गरगरते, मंदावते, थांबते. दोऱ्याच्या एका बाजूला शिखर स्पष्ट निसटून गेलेलं दिसतं. ती हात खाली घेत नाही.

"म्हणजे ते खरंच…"

"तू पहिल्यांदा बरोबर बघितलं होतंस."

गंमत अशी की हेच देऊळ जेम्स प्रिन्सेपनेही काढलंय. मी तिला त्याच्याबद्दल सांगते, कारण तो माझा फार लाडका आहे. लंडनला ऑगस्टस प्युजिनकडे वास्तुकला शिकत होता. डोळे बिघडले आणि तो धंदा सोडावा लागला. नकाशे, बारीक रेघा हेच ज्याचं काम, त्याचे डोळे. मग टांकसाळीची नोकरी घेऊन हिंदुस्थानात आला, 1820 ते 1830 बनारसच्या टांकसाळीत होता. डोळे सावरले तसा तो पुन्हा काढू लागला. घाट, देवळं, शहराचा नकाशा. 1830 पासून त्या चित्रांची 'बनारस इलस्ट्रेटेड' ही मालिका निघाली. या देवळाबद्दल त्याने नोंदवलंय की दार पाण्याखाली गेलं की पुजारी बुडी मारून आत पूजेला जायचा. आणि 1837 मध्ये ब्राह्मी लिपी वाचली ती याच माणसाने.

"त्यानेही तिरकं काढलं?"

"नाही. 1860 च्या दशकातल्या फोटोंमध्येही ते कललेलं दिसत नाही. त्याच्यापुढे होतं ते त्याने काढलं."

ती गप्प होते. मी तिला म्हणते, तुला चूक दिसतेय ना, ती दोन वर्षांपूर्वी दिसली असती का? ती मान हलवते, नाही. डोळा आधी तयार होतो, हात मागून बसतो. मधला काळ वाईट असतो. मला तो अजून येतो, विशेषतः माणसांचे हात काढताना. आणि ग्रुपवरच्या त्या स्केचेसमागे किती बोळे आहेत ते कुणी टाकत नाही.

ती पहिला बोळा पुन्हा बोर्डला लावते. सुरकुत्यांसकट. चुण्यांवरून पेन्सिल अडखळते, पण ती खोडत नाही. आधी पाण्याची आडवी रेघ, मग पायऱ्या, आणि त्यावर देवळाचा कर्ण. शिखराला चिकटलेली छोटी शिखरं ती आता मोजत बसत नाही. नुसते सावलीचे पट्टे टाकतेय.

धुकं जरा वर उचलतं. एक नाव देवळाला वळसा घालून जाते आणि वल्ह्याने हललेलं प्रतिबिंब विस्कटतं, पुन्हा जुळतं. ती हात लांब करते, दोरा धरते, डोळा मिटते.

"काकू, किल्ली अजून थोडा वेळ ठेवू?"