स्वच्छ बाटली आणि निर्जंतुक बाटली

काचेची बाटली उजेडासमोर धरली आणि तिच्यातून पलीकडचे निर्मळ दिसले, की ती स्वच्छ आहे असा निर्वाळा आपण सहज देतो. घरातील पुष्कळशा कामांना तेवढा निर्वाळा पुरतोही. परंतु ज्या बाटलीत एखादे जिवंत, फसफसणारे पेय कित्येक आठवडे कोंडून ठेवावयाचे असते, तिच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष अपुरी ठरते. घरी तयार केलेल्या बिअरची बाटली हे याचे उत्तम उदाहरण होय.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी असलेली परवान्याची अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःच्या व कुटुंबाच्या उपयोगापुरत्या बिअरला संघराज्याच्या करातून सूट मिळाली. त्यानंतर या देशांत हा छंद बराच फैलावला. भारतात मद्यनिर्मितीचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत असून, महाराष्ट्रात ती परवान्यावाचून करणे हा गुन्हा आहे. म्हणून येथे बिअरची कृती सांगण्याचा हेतू नाही. तिच्या बाटलीमागील शास्त्र समजून घेणे, एवढाच आहे.

अंकुरित सातूच्या गोड काढ्यातील शर्करेवर यीस्ट हे किण्व वाढते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते. किण्वन संपल्यावर बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर घालतात आणि पत्र्याचे झाकण घट्ट बसवितात. उरलेले यीस्ट ती साखर खाते, निर्माण झालेला वायू बाहेर पडू शकत नाही व तो द्रवात विरघळतो. अर्धा लिटर बिअरमध्ये ३ ग्रॅम साखर घातली, तर सुमारे दीड ग्रॅम वायू तयार होतो. मोकळा सोडला तर तोच वायू सुमारे पाऊण लिटर जागा व्यापील. आधीच विरघळलेला वायू जमेस धरता, साधारण २० अंश सेल्सियसला बाटलीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या पावणेतीन पटींच्या आसपास जातो. सुस्थितीतील जाड बाटली तो सहन करते.

येथपर्यंत सारे हिशेबात असते. हिशेब चुकतो तो आगंतुक जंतूंमुळे. साधे यीस्ट पचवू शकत नाही अशा डेक्स्ट्रिन नावाच्या गुंतागुंतीच्या शर्करा बिअरमध्ये शिल्लक असतात. यीस्टचाच डायास्टॅटिकस नावाचा एक प्रकार मात्र विशिष्ट विकर स्रवून त्यांचे तुकडे करतो आणि तेही फस्त करतो. लिटरमागे अशी १० ग्रॅम शर्करा आंबली, तरी दाब जवळजवळ दुप्पट होतो. मग एखाद्या उष्ण दुपारी कपाटातील बाटली फुटते आणि काचेचे तुकडे चहूकडे उडतात. बिअरमधील अल्कोहोल, आम्लता व हॉप फुलांची कडू द्रव्ये यांमुळे रोगजंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत. खरा धोका असतो तो या फुटणाऱ्या काचेचा.

या क्षेत्रात शास्त्रीय दृष्टी आणली ती लुई पाश्चर यांनी. १८७१ साली लंडनच्या व्हिटब्रेड मद्यशाळेत त्यांनी यीस्टचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बिअर बिघडते ती परक्या सूक्ष्मजंतूंच्या वाढीमुळे, हे त्यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. परंतु शुद्ध यीस्ट मळक्या बाटलीत ओतले, तर त्या शुद्धतेचा उपयोग काय?

म्हणून दोन क्रिया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली स्वच्छता, म्हणजे साका, चिकटा व डाग काढून टाकणे. दुसरी जंतुनाशन, म्हणजे उरलेल्या जंतूंची संख्या निरुपद्रवी पातळीपर्यंत खाली आणणे. यांचा क्रम बदलता येत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणिताने कळते. समजा, एखादे जंतुनाशक दर मिनिटाला १० पैकी ९ जंतू मारते. बाटलीत १० लाख जंतू असतील, तर ५ मिनिटांनी १० उरतात. आधी घासून त्यांची संख्या १० हजारांवर आणली असेल, तर तेवढ्याच वेळात १० बाटल्यांमागे एखादाच जंतू उरतो. शिवाय साक्याच्या थराखाली दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. क्लोरीन तर त्या मळाशीच संयोग पावून खर्ची पडतो.

यास्तव बाटली रिकामी होताच पाण्याने दोन-तीनदा खळबळून टाकणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. ओला साका सहज निघतो, वाळलेला मात्र काचेला धरून बसतो. तशा बाटल्या धुण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणात भिजवून ब्रशने घासाव्या लागतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरट थर सोड्याला दाद देत नाही. त्याला आम्लच लागते. साबणाचा अंश राहिल्यास बिअरचा फेस बसतो, म्हणून शेवटी भरपूर पाणी वापरतात. ओठ टवकारलेली किंवा तडा गेलेली बाटली मुळीच वापरावयाची नसते.

जंतुनाशनासाठी आयोडीनची किंवा फॉस्फोरिक आम्लाची सौम्य द्रावणे वापरतात. क्लोरीनयुक्त विरंजक द्रव स्वस्त व प्रभावी असतो. परंतु तो नीट धुऊन न टाकल्यास बिअरला औषधी चव येते. त्यात व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल मिसळू नये. तसे केल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. हा इशारा प्रत्येक घरातील न्हाणीघर धुणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. कोरड्या भट्टीत १७० अंशांना तासभर ठेवूनही बाटल्या निर्जंतुक होतात. मात्र काच उष्णतेची मंद वाहक असल्याने तापविणे व निवविणे दोन्ही सावकाश व्हावे लागते. अन्यथा आतील व बाहेरील थर असमान प्रसरण पावून ती तडकते.

सारांश, डोळ्यांना दिसते ती स्वच्छता आणि गणिताने पटते ती निर्जंतुकता. दुधाची बाटली असो, मुरंब्याची बरणी असो की बाळाचे दूध पिण्याचे भांडे असो, आधी मळ काढावा व मग जंतू मारावेत, हा क्रम सर्वत्र एकच आहे.